शाईचे मोल

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवर नव्या वह्या मांडतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि शेजारी दौत व लेखणी ठेवून त्यांनाही हळदकुंकू वाहतात. हिशेब यंत्रावर गेले तरी ही रीत पुष्कळ घरांतून अद्याप चालू आहे. दौत कोरडी असते, एवढेच. पूजाविधीत वही-लेखणी ही सरस्वती आणि दौत ही महाकाली मानली आहे. शाई काळी म्हणून महाकाली असा साधा अर्थ कोणी करील. पण जी काळाला पुरून उरते ती शाई, हेही ते नाव ठेवणाऱ्याच्या मनात असावे, असे मला वाटते.

हल्ली तरुण मंडळींत फाउंटनपेनची हौस पुन्हा आली आहे आणि तिच्याबरोबर शाईचा शौकही आला आहे. आपली नेहमीची देशी शाईची बाटली पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळते. जपानी किंवा जर्मन नामांकित शाईची तेवढीच, किंबहुना थोडी लहानच, बाटली दीड हजारावर जाते. एका मिलिलिटरात सुमाराने दहापंधरा पाने लिहून होतात असे धरले, तर देशी शाईने एक पान पाचसहा पैशांत पडते आणि परदेशी शाईने दोनअडीच रुपयांत. पान लिहिणाऱ्याच्या चहापेक्षा तेही स्वस्तच. तेव्हा परवडते की नाही हा प्रश्न नव्हे. त्या जास्तीच्या पैशांत आपण घेतो काय, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आजचा मुळीच नाही.

त्याचा मागोवा घ्यावयाचा तर राजापूर तालुक्यातल्या नाटे या गावी जाऊन उभे राहावे. गाव खाडीच्या मुखाजवळचे, माडांचे, आंब्यांचे आणि मासेमारीचे. येथला यशवंतगड खाडीवर नजर ठेवून बसलेला आहे. (रेडीचा यशवंतगड तो निराळा, नावाच्या सारखेपणाने पुष्कळांची फसगत होते.) जवळच मुसाकाजी बंदर, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी एके काळी येथे थांबत आणि राजापूरकडची चाकरमानी मंडळी पडावातून उतरत. त्याही आधी, सतराव्या शतकात, जैतापूरच्या खाडीत परदेशी जहाजे नांगर टाकीत आणि माल लहान गलबतांतून वर राजापूरला जाई. राजापुरास इंग्रजांची वखार होती. म्हणजे या एकाच खाडीच्या काठी दोन जातींच्या शाया एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. वखारीतला इंग्रज एका शाईने सुरतेस पत्र लिहीत होता आणि बाजारातला आमचा कारकून दुसऱ्या शाईने मोडीत हिशेब उतरवीत होता.

आमची शाई काजळाची. दिव्यावर मातीचे भांडे उपडे धरावे, जमलेले काजळ खरवडून घ्यावे, डिंकाच्या पाण्यात घालावे आणि घोटावे. हे घोटणे तासांचे नव्हे, दिवसांचे काम. जितके घोटावे तितकी शाई तुकतुकीत, ओघवती. पुढे तिच्यात कोणी लाख, टाकणखार व लोध यांचा काढा मिसळी, कोणी हिरडा आणि हिराकस घाली. दौतीत बोळा असे, म्हणजे बोरू बुडविला की बेताचीच शाई लागे. आणि लिहून झाल्यावर ओल्या अक्षरांवर वाळू टाकीत. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर एक समासच लिहिला आहे. त्यात देशोदेशींचे बोरू आणून ठेवण्यापासून हिंगूळ, आळिता आणि भिजवून वाळवून ठेवलेल्या मसीच्या साठ्यापर्यंत सारे सामान बारकाईने सांगितले आहे. परमार्थाचा ग्रंथ लिहिणाऱ्याला शाईचा साठा सांगावासा वाटला, यात मला त्या काळचा फार मोठा शहाणपणा दिसतो. ज्याची पोथी पुसली त्याचा परमार्थही वाहून गेला!

इंग्रजांची शाई निराळ्या कुळीची. ओकच्या झाडावर कीटकाच्या दंशाने ज्या गाठी धरतात त्यांचा काढा, त्यात हिराकस आणि डिंक. ऐकायला परके वाटते, पण त्या गाठी म्हणजे आपल्या बाळगुटीतले मायफळ! गुटीत हिरडाही असतोच. त्याचाही गुण तोच, तुरटपणाचा. आवळा लोखंडी विळीवर चिरला की पाते काळे पडते, हे स्वयंपाकघरात वावरणारी कोणतीही बाई सांगेल. तुरट रस आणि लोह यांची भेट झाली की काळा रंग निपजतो. युरोपने हजार वर्षे या काळिम्यावर आपले कायदे, करार आणि धर्मग्रंथ लिहिले. म्हणजे आजीच्या बटव्यातल्या दोन वस्तू आणि एक हिराकस एवढ्या भांडवलावर साहेबाची दौत भरत होती. सह्याद्रीतला हिरडा तर पुढे कातडी कमावण्यासाठी जहाजे भरभरून विलायतेस जाऊ लागला.

दोन्ही शायांचा स्वभाव मात्र भिन्न. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला ऊन लागो, हवा लागो, शतके लोटोत, तो विटत नाही. त्याचे वैर पाण्याशी. नुसत्या डिंकाने बांधलेले काजळ कागदाच्या वर बसून राहते, आत शिरत नाही. ओला हात लागला की पसरते. लाख किंवा हिरडा-हिराकस घालण्याचा खटाटोप होता तो यासाठीच. इंग्रजी शाई कागदाच्या तंतूंत मुरते, मग हवेने काळी होते आणि पाण्याला दाद देत नाही. पण तिच्या अंगात आम्ल आहे. प्रमाण चुकले तर शेपन्नास वर्षांत अक्षर तपकिरी पडते, आणि पुढे कागदच अक्षराच्या रेषेवर जळून त्याची चाळण होते. युरोपातल्या ग्रंथालयांना या रोगाने आजही हैराण केले आहे.

आता वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या, खारा वारा चोवीस तास वाहणाऱ्या या किनाऱ्यावर यांतली कोणती शाई बरी? वाचकहो, याचा निवाडा इतका सोपा नाही.

सन 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरकर इंग्रजांनी तह मोडून त्याला तोफा आणि दारूगोळा पुरविला. शिवाजी महाराजांनी 1661 च्या मार्चमध्ये राजापूर घेतले, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन प्रभृती इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका 1663 मध्ये झाली. या प्रकरणात इंग्रजांची जी पत्रे लिहिली गेली ती सुरतेच्या दप्तरातून विलायतेत पोचली, आणि शिवकालाच्या अशा इंग्रजी कागदांचा संग्रह 1931 मध्ये पुण्यात छापून निघाला. कैद्यांचे गाऱ्हाणे आपण आज शब्दशः वाचू शकतो. त्याच राजापूरच्या बाजारात त्या दिवसांत मोडीत काय लिहिले गेले असेल याची नुसती कल्पना करावी लागते. पण हा दोष शाईचा नव्हे, पेटीचा आहे. त्यांचे कागद कोरड्या, थंड जागी ओळीने लावून ठेवले गेले; आमचे माळ्यावर, गळत्या कौलांखाली, कसर आणि वाळवीच्या स्वाधीन. जेथे रुमालात बांधून नीट ठेवले तेथे आमची शाई हरलेली नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत. दोनअडीचशे वर्षांपूर्वीची ती अक्षरे काल लिहिल्यासारखी काळी आहेत. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास आरंभ केला. त्यांना झगडावे लागले ते कागदांच्या मालकांशी, उंदरांशी आणि वाळवीशी. शाईने त्यांना क्वचितच दगा दिला असेल.

शाई टिकण्यावर केवळ इतिहासकारांचे पोट अवलंबून असते असेही नाही. 1852 च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने वतने आणि इनामे तपासावयास घेतली, तेव्हा पणजोबांची सनद दाखवा, नाहीतर जमीन सोडा, असा प्रसंग हजारो घरांवर आला. कागद हरवला होता, फाटला होता, वाचता येत नव्हता. कारण काहीही असो, परिणाम एकच. काजळाच्या चार ओळींवर एखाद्या कुटुंबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न लटकलेले होते. आणि त्या ओळींना मूळ खर्च किती आला असेल? दिव्याचे तेल आणि कारकुनाच्या मनगटाचे श्रम.

मग फाउंटनपेन आले आणि सगळा हिशेब पालटला. लुइस वॉटरमनला त्याच्या पेनाचे पेटंट 1884 मध्ये मिळाले. या पेनाच्या घशातून आमची काजळाची शाई उतरेना. कोळशाचे कण अडकून बसत. जुनी लोखंडी शाईही दाट असली की साका धरी, निबे खाई. त्याला हवे होते पातळ, निवळ, रंगीत पाणी. विल्यम पर्किनने 1856 मध्ये डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढलाच होता. पाठोपाठ निघालेले तसले रंग आता दौतीत शिरले. झळझळीत, स्वस्त, वाहते, आणि बहुतेक उन्हात विटणारे. लेखणी सुधारली आणि अक्षर अल्पायुषी झाले, असे म्हटले तरी चालेल. शिवाय, जी वस्तू घरी होत होती ती आता दुकानातून आणावी लागू लागली, हा पालटही लहान नाही.

मध्यम मार्ग त्याआधीच निघालेला होता. हेन्री स्टीफन्स या इंग्रज डॉक्टरने 1832 मध्ये लोखंडी शाईचा धंदा सुरू केला. त्याची शाई लिहिताना निळी दिसे आणि मग कागदावर काळी होई. आपल्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून जी 'ब्लू-ब्लॅक' नावाने रुळली ती या वळणाची. निळा रंग लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसाठी, काळा त्याच्या नातवांसाठी.

त्यानंतरच्या महाग शायांचे जाहिरातींतले शब्द वाचण्यासारखे आहेत. पार्करने 1931 मध्ये 'क्विंक' काढली; ती चटकन वाळते, पेन साफ ठेवते, असा तिचा डंका. तिचे दोन प्रकार होते, एक कायमची आणि दुसरी धुतली जाणारी. धुतली जाणारी शाई शाळकरी पोरांच्या सदऱ्यांसाठी, आयांना दुवा देणारी. पण जी सदऱ्यावरून जाते ती खरेदीखतावरूनही जाते, आणि श्रावणात खिडकीशी ठेवलेल्या पत्रावरून तर हटकून जाते. 1931 याच वर्षी मुंबईत गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या विकावयास आरंभ केला. तेच पुढे कॅमल शाईचे कॅम्लिन झाले, आणि 2012 च्या सुमारास त्याची सूत्रे कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. तिकडे बंगालमध्ये मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या भरात 1934 मध्ये 'सुलेखा' काढली. विलायती शाईपेक्षा ही शाई बरी की वाईट, हा वाद तेव्हाही झडत असे, आणि त्यात शाईपेक्षा स्वाभिमानच अधिक असे. तो असावयासच हवा होता. मुंबईच्या चाळीतून नाट्याला येणाऱ्या पत्रांवर आणि मनीऑर्डरींच्या कुपनांवर देशी शाईची अक्षरे उमटू लागली, आणि वाचणाऱ्या म्हातारीला त्यात काही उणे दिसले नाही.

आता आपल्या दीड हजारांच्या बाटलीकडे वळू. उघडून पाहिले तर आत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. उरलेल्यात रंग, शाई निबावर सुकू नये म्हणून एखादे ओलावा धरणारे द्रव्य, ती नीट वाहावी म्हणून थोडा साबणासारखा पदार्थ आणि बुरशी धरू नये म्हणून औषध. स्वस्त बाटलीतही हेच. जास्तीचे पैसे जातात ते रंगांच्या निवडीत, मिश्रणाच्या काटेकोरपणात, जाड काचेच्या देखण्या बाटलीत, जहाजभाड्यात, जकातीत आणि नावात. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. नाजूक छटा, एकाच अक्षरात गडद-फिकट होत जाणारा रंग, बारीक निबातूनही न अडखळणारा ओघ, हे सुख स्वस्त शाईत नेहमी मिळत नाही. ज्याला ते हवे त्याने खुशाल घ्यावे. अत्तराच्या कुपीला कोणी विचारीत नाही, की तू पन्नास वर्षांनी घमघमशील काय?

परंतु किंमत पाहून टिकाऊपणा विकत घेतला अशी समजूत करून घेऊ नये. महागातल्या पुष्कळशा शाया निव्वळ रंगाचे पाणी आहेत आणि पाण्याचे दोन थेंब पडताच विरघळतात. उलट इंग्लंडात विवाहांच्या नोंदवह्यांसाठी 2021 पर्यंत जी निबंधकाची शाई वापरीत, ती जुन्या लोखंडी कुळीतली आणि किमतीने अगदी साधी. बारीक कणांची काजळी शाईही आता फाउंटनपेनसाठी मिळते. आमच्या दिव्याचे काजळ अखेर पेनाच्या घशातून उतरले म्हणायचे! मात्र या दोन्ही शाया भरल्या तर पेन वरचेवर धुवावे, आणि महिनोन्‌महिने भरून ठेवू नये.

दुकानदाराचे ऐकण्यापेक्षा घरीच पारख करावी. ज्या कागदावर आपण खरोखर लिहितो त्यावर, कारण खरखरीत वहीच्या पानावर कोणतीही शाई फुटते, घरात असतील नसतील त्या सर्व शायांनी एकेक ओळ लिहावी, ओळीपुढे शाईचे नाव आणि किंमत लिहावी. आठवडाभराने कागदाची एक पट्टी कापून रात्रभर वाटीतल्या पाण्यात ठेवावी. उरलेल्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो दक्षिणेच्या खिडकीत लावावा. दिवाळीची सुटी या कामास उत्तम. ऊन स्वच्छ असते आणि मुलांनाही उद्योग होतो. संक्रांतीला पुठ्ठा काढून पाहावे. नावे आणि किमती मात्र शिसपेन्सिलीने लिहून ठेवाव्यात; तीही कोळशाच्याच कुळीतली.