आधी कीर्द, मग खतावणी

जिंतूर तालुक्यातल्या येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे आणि धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. धरण १९६८ साली पूर्ण झालं. वीज इथेच तयार होते, म्हणून आमच्या भागाला भारनियमन चुकलं असं मात्र नाही. त्यामुळे कचेऱ्यांतून संगणक आले तेव्हा लोक मला हमखास विचारायचे, 'मधेच लाईट गेली तर आतल्या नोंदींचं काय?'

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर संगणकाहून जुनं आहे.

आपला व्यापारी आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. खतावणीला वाळवी लागली तरी कीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. तलाठ्याचंही तेच. जमीन विकली की नोंद आधी फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये होते. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की मगच सातबारा बदलतो.

१९७०च्या दशकात अमेरिकेत सॅन होजेला आयबीएमच्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी 'सिस्टीम आर' बांधत होते. त्यांच्या रोजकीर्दीचं नाव लॉग. मूळ तक्त्यातला बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये पक्की झाली पाहिजे, हा नियम. पुढे मद्रास आयआयटीत शिकलेले सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ साली 'एरीज' ही पद्धत प्रसिद्ध केली. वीज आली की संगणक लॉगवरून तीन फेऱ्या मारतो. काम कुठवर आलं होतं ते पाहतो, लिहिलेलं सगळं पुन्हा करतो आणि अर्धवट राहिलेलं उलटवतो. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले, पण समोरच्याला जमा होण्याआधी दिवे गेले, तर ती वजावट रद्द होते. अप्रमाणित फेरफारासारखीच.

हीच लॉगची फाईल जागा अडवते म्हणून काही जण पुसून टाकतात. हे कीर्द जाळून खतावणी वाचवण्यासारखं झालं! सर्व्हर अचानक बंद पडला, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी सगळ्या फायलींची आहे तशी नक्कल काढून ठेवावी.

पण यंत्रच जळालं तर लॉगही जातो. तिथे बॅकअप लागतो, आणि तो दुसऱ्या इमारतीत हवा. अधूनमधून तो उघडून, त्यावरून नोंदी खरोखर परत उभ्या राहतात का, हेही पाहायला हवं. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, माणसं दगावली आणि फायलींचे ढीग जळाले. मग खात्यांनी इतर कचेऱ्यांत राहिलेल्या प्रती मागवून त्या फायली नव्याने उभ्या करायला घेतल्या.