निबंधाचे गुण: गोपनीय उत्तरपत्रिकेपासून छायाप्रतीपर्यंत

महाविद्यालयाचा दरवाजा उघडणाऱ्या परीक्षेत निबंधाला अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले तर दाद कुठे मागायची, या प्रश्नाला महाराष्ट्रात कितीतरी पिढ्या उत्तरच नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे पुढे सर्वतोमुखी झालेली मॅट्रिक, घेतली गेली. १३२ उमेदवार बसले. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पंचविशीपर्यंतही पोहोचली नाही. त्या मोजक्यांत नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. शंभरावर मुले नापास झाली, पण आपली उत्तरपत्रिका पाहायला मिळावी असे त्यांच्यापैकी कुणाला वाटले असते, तरी ते मागण्याची सोय नव्हती. परीक्षकाचा शब्द शेवटचा, हे विद्यार्थी आणि पालक दोघेही गृहीत धरत.

याच रानड्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि पारडे मराठ्यांच्या बाजूने झुकवले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. हा निबंध विद्यापीठाच्या परीक्षेतला नव्हता, हे खरे. पण गणिताच्या उत्तराबद्दल कुणाची शिष्यवृत्ती अशी थांबली नसती. निबंध तपासताना परीक्षक भाषेबरोबर मतही तपासतो आणि आपण कोणत्या मापाने मोजले हे सांगायला तो बांधलेला नसतो. निबंधाच्या गुणांवरची बहुतेक भांडणे या एका गोष्टीतून निघतात.

नाशिकच्या मुलांची मॅट्रिक पुढची नव्वद वर्षे मुंबई विद्यापीठाचीच राहिली. १९२४ साली गावात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू झाले. मॅट्रिकनंतर पुण्या-मुंबईला जाणे सक्तीचे उरले नाही, पण तपासणी होती तशीच राहिली.

परीक्षकांच्या मापाबद्दल संशय घेण्याचे काम उमेदवारांआधी संशोधकांनी केले. इंग्लंडमध्ये एफ. वाय. एजवर्थ यांनी १८८८ साली परीक्षांच्या गुणांत योगायोगाचा वाटा किती, याचे गणित मांडले. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडे पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून परत पाठवलेल्या एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ६४ गुण दिले होते, कुणी ९८. दुसरीचे गुण ५० ते ९७ यांच्यामध्ये पसरले होते. भारतात १९६०च्या दशकात अलाहाबादचे ए. एडविन हार्पर यांनी दहा उत्तरपत्रिका नव्वद परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि तीच गोष्ट इथेही दाखवून दिली. त्याआधीच राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ साली बजावले होते की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली, तर ती परीक्षांची सुचवावी लागेल. हे सारे अहवालांत राहिले. उमेदवाराच्या हाती त्यातले काही आले नाही.

१९४९ साली मुंबई राज्यात मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून मंडळाकडे गेली. १९६५च्या कायद्यानुसार राज्याचे आजचे मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी पुण्यात अस्तित्वात आले. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आल्यावर बारावीची परीक्षाही त्याच्याकडे आली. या मंडळाच्या १९७७च्या विनियमांतील १०४ क्रमांकाचा विनियम पुढे गाजला. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत, संस्थाप्रमुखामार्फत, विषयामागे दहा रुपये भरून उमेदवाराला ‘गुणपडताळणी’ मागता येई. तिची मर्यादा काटेकोर होती: सर्व उत्तरे तपासली आहेत का, बेरीज बरोबर आहे का, गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का आणि पुरवण्या जागेवर आहेत का, एवढेच पाहायचे. उत्तर पुन्हा तपासायचे नाही. तिसऱ्या पोटकलमाने तर पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिका पाहणे या दोन्ही गोष्टी नाकारल्या होत्या. उत्तरपत्रिका मंडळाच्या लेखी अत्यंत गोपनीय कागद होता.

या नियमाने गणिताच्या विद्यार्थ्याला थोडा तरी आधार मिळे, कारण राहिलेले उत्तर किंवा चुकलेली बेरीज पकडली जाई. निबंधवाल्याला काहीच मिळत नसे. त्याची तक्रार बेरजेबद्दल नसतेच.

१९८०च्या परीक्षांनंतर निराश उमेदवारांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिकांची रांग लावली. उच्च न्यायालयाने उमेदवारांची बाजू उचलून धरली: उत्तरपत्रिका न दाखवणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी न्या. व्ही. बालकृष्ण एराडी यांनी लिहिलेल्या निकालाने चित्र उलटले. परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी चाळणी मंडळाने लावलेली आहे. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मूल्यमापनापर्यंत ताणता येत नाही. लाखो उमेदवारांचे निकाल कधीतरी अंतिम व्हायला हवेत. शिक्षणतज्ज्ञांच्या निर्णयात न्यायालयांनी सहजी हात घालू नये, असे या निकालाचे म्हणणे. प्रशासनाच्या दृष्टीने ते समजण्याजोगे आहे. पण चाळणी नीट चालली की नाही हे कागद पाहिल्याशिवाय उमेदवाराला कसे कळणार, या मुद्द्याचे समाधान त्या निकालात होत नाही. तरीही पुढे पाव शतकभर देशातल्या जवळजवळ प्रत्येक परीक्षा मंडळाने आणि विद्यापीठाने हाच निकाल ढाल म्हणून वापरला. नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात पुन्हा सांगितले आणि ते अजून टिकून आहे.

कुलूप उघडले ते वेगळ्या किल्लीने. २००५चा माहिती अधिकार कायदा आल्यावर, २००८ साली सीबीएसईची दहावी दिलेल्या आणि गुणांनी निराश झालेल्या एका विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका ‘माहिती’ म्हणून मागितली. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी मान्य केली. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे, उमेदवार ती पाहू शकतो आणि तिची प्रत घेऊ शकतो. फक्त परीक्षकाची ओळख झाकलेली राहील आणि मंडळ उत्तरपत्रिका जपून ठेवते तेवढ्या मुदतीतच हा हक्क चालेल. १९८४चा निकाल या निकालाने मोडला नाही. पाहण्याचा हक्क मिळाला, पुन्हा तपासून घेण्याचा नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या आजच्या नियमांत मात्र दोन्ही गोष्टी आहेत. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांसाठी मंडळाचे नाशिक विभागीय कार्यालय आहे. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीसाठी विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीसाठी ४०० आणि पुनर्मूल्यांकनासाठी ३०० रुपये आकारले गेले. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. नव्या कृतिपत्रिकेत दहावीच्या मराठीच्या निबंधाला आठ गुण आहेत. छायाप्रतीत दिसतो तो कडेला लिहिलेला एक आकडा. आठांपैकी चारच का, याचे कारण तिथे बहुधा नसते. त्यामुळे निबंधापुरता आक्षेप अजूनही एका परीक्षकाच्या मतासमोर दुसऱ्याचे मत ठेवण्यावरच थांबतो.

भाषेतील गुण अनपेक्षितपणे घसरण्याचा सर्वांत मोठा धक्का २०१९ साली बसला आणि त्यात परीक्षकांचा दोष नव्हता. त्या वर्षी भाषा विषयांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून लेखी परीक्षा शंभर गुणांची केली होती. दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नाशिक विभागाचा ७७.५८ टक्के लागला. नाशिक शहरात अकरावीचे प्रवेश तोवर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले होते. त्यामुळे शाळेचे अंतर्गत गुण मिळवणाऱ्या सीबीएसईच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतील, अशी भीती पालकांना होती. ती भीती निराधार म्हणता येत नाही. वीस गुण पुढच्याच वर्षी परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला.

वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या वाटेवर हा वाद आता जवळजवळ संपला आहे, कारण १९९०च्या दशकाच्या अखेरीस सीईटी आल्यापासून तिथे निबंधच उरला नाही; पर्याय निवडायचा आणि उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची. दहावीत ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे एका भाषेतले कमी गुण टक्केवारीतून गळून पडू शकतात. निबंध परत आला आहे तो दुसऱ्याच दारातून. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली असून तीत निबंधाचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली २०११चा नियम सरसकट लावायला नकार दिलेला असल्याने, राज्यसेवेच्या उमेदवारांना शाळकरी मुलांइतका मोकळा मार्ग मिळेलच असे गृहीत धरता येत नाही.