मक्यावरील लष्करी अळी : जीवनक्रम आणि नुकसानीचे स्वरूप

मका पिकाला सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या किडींमध्ये अमेरिकन लष्करी अळीची गणना होते. 'स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा' हे तिचे शास्त्रीय नाव. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली. भारतात तिची प्रथम नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश व तामिळनाडूत पोहोचली.

अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्थांत या किडीचा जीवनक्रम पूर्ण होतो. उष्ण हवामानात त्यास सुमारे ३० दिवस लागतात. थंडीत हा कालावधी वाढतो. मादी पतंग पानांवर पुंजक्याने अंडी घालून ती केसाळ आवरणाने झाकते. एका पुंजक्यात साधारणतः १०० ते २०० अंडी असतात व ती दोन-तीन दिवसांत उबतात.

पिकाचे नुकसान केवळ अळीच करते. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळे पानावर पांढरे पारदर्शक चट्टे दिसतात. तिसऱ्या अवस्थेपासून अळी पोंग्यात शिरते. पोंगा उलगडल्यावर पानांवर ओळीने छिद्रे दिसतात व आत ओलसर विष्ठा साचलेली आढळते. पाचव्या व सहाव्या अवस्थेत ती सर्वाधिक खाते. कणसे लागल्यावर अळी त्यात शिरून कोवळे दाणेही फस्त करते. डोक्यावरील उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात असलेले चार ठिपके ही तिची ओळख होय. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत कोषावस्थेत जाते. त्यातून निघालेला पतंग निशाचर असून वाऱ्याच्या साहाय्याने तो दूरवर जाऊ शकतो.

पोंग्यात खोलवर दडलेल्या मोठ्या अळीपर्यंत कीटकनाशक सहजी पोहोचत नाही. म्हणूनच उगवणीपासून पिकाचे नियमित निरीक्षण, कामगंध सापळ्यांचा वापर, अंडीपुंज वेचून नष्ट करणे आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी हे उपाय सुरुवातीच्या अवस्थेत करणे महत्त्वाचे ठरते. अंड्यांवर उपजीविका करणारे ट्रायकोग्रामा हे परोपजीवी कीटकही उपयुक्त आहेत. खोल नांगरणीमुळे जमिनीतील कोष उघडे पडून पक्ष्यांचे भक्ष्य होतात. रासायनिक कीटकनाशकाची गरज भासल्यास शिफारस केलेल्या औषधाचीच व थेट पोंग्यात पडेल अशी फवारणी करणे आवश्यक आहे.