सिद्धगडावरची दोन नावं आणि मागे राहिलेली घरं

दादरला खरेदीला गेलं, की चुकामूक होऊ नये म्हणून आपण ठरवून टाकतो, "प्लाझाजवळ, कोतवाल उद्यानापाशी भेटू." डोंबिवलीच्या आमच्या गटात हे वाक्य शंभरदा तरी झालं असेल. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "पण हे कोतवाल कोण?" आम्ही सगळ्याच गप्प. म्हणून आज त्यांच्याविषयी.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई म्हणत. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा, नाभिक समाजातल्या साध्या घरातला. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण आम्हा बचत गटवाल्यांना सगळ्यात जवळची वाटली ती त्यांची धान्यकोठी. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, की कुळं आणि आदिवासी सावकाराच्या दारात जायचे आणि सुगीला दिडीदुपटीने फेडायचे. भाईंनी गावाचंच धान्य एकत्र साठवून अडल्यावेळी उसनं द्यायची सोय केली. आपण महिन्याला शंभर रुपये टाकतो, तेच त्यांनी पायलीने केलं. खेड्यांत शाळाही काढल्या.

मग १९४२ साल आलं. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या पहाटे गांधीजींसकट सगळे पुढारी पकडले गेले. भाई भूमिगत झाले. कर्जत-मुरबाडच्या डोंगरात त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे मनोरे या पोरांनी रात्री कापून पाडायला सुरुवात केली. सरकार हादरलं. भाईंना पकडून देणाऱ्याला इनाम लागलं.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. गोळीबारात हिराजी गोमाजी पाटील गेले. भाई जखमी होऊन पडले होते, हॉल नावाच्या पोलिस अधिकाऱ्याने जवळ जाऊन त्यांना गोळी घातली, असं सांगतात. भाईंना तीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

'अमर झाले' असं म्हणून इथे भाषणं संपतात. आम्हाला मात्र पुढचं विचारावंसं वाटतं. हिराजी मानिवलीचे. त्यांचे वडील गोमाजी पाटील स्वतः चळवळीतले. ज्या वाटेवर बाप चालला त्याच वाटेवर मुलगा गेला, तेव्हा त्या घरात काय बोलणं झालं असेल? भाईंच्या पत्नीने तर वकिलाशी संसार मांडला होता. मग नवरा फरारी झाला आणि नंतर त्याच्या मरणाचीच बातमी आली.

आमच्यातल्या मुरबाडकडच्या एक मावशी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढी माणसं रानात राहिली, ती काय पाला खाऊन?" खरंच की! डोंगरात माणूस लपला, म्हणजे खाली कुणीतरी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. दारात पोलिस आले तेव्हा 'माहीत नाही' असंही कुणीतरी म्हटलं. त्या बायकांची नावं आम्ही शोधली, सापडली नाहीत. अटक कुणाला झाली ते कागदावर येतं, भाकरी कुणी दिली ते येत नाही.

त्या वर्षी हे देशभर चाललं होतं. नंदुरबारला ९ सप्टेंबरला शिरीषकुमारसह पाच पोरं गोळीबारात गेली. वर्ष संपेपर्यंत साठ हजारांवर लोक पकडले गेले, कित्येक गावांवर सामुदायिक दंड बसला. दंड भरायला घरातलं काय विकलं जातं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

मनोरे पाडणं बरोबर होतं का, यावरही बैठकीत वाद झाला. कुणी म्हणालं, बरोबरच. एकजण म्हणाली, "माझा मुलगा असता तर मी जाऊ दिलं नसतं." तिला कुणीच उलटं बोललं नाही.

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे सिद्धगडावर लोक जमतात, मशाली पेटवतात. कल्याणहून मुरबाड, म्हसा करत पायथ्याला जाता येतं. यंदा आमच्यातल्या अकरा जणी आदल्या रात्रीच निघणार आहोत. मावशी म्हणाल्या, वर जमणाऱ्यांसाठीही थोडं न्यायचं. सध्या भाकऱ्या किती लागतील याचाच हिशेब चालू आहे.