हसरा चेहरा भीतिदायक कसा झाला?

विदूषक म्हणजे मुलांचा लाडका, असे आपण धरूनच चालतो. पण सर्कशीत विदूषक जवळ आला की आईला घट्ट बिलगणारी मुलेही असतात. बाकीची मुले त्यांना हसतात आणि मोठी माणसे ‘त्यात काय घाबरायचं?’ म्हणून विषय संपवतात. भयपटांनी मात्र ही भीती हसण्यावारी नेली नाही. गेल्या चाळीसएक वर्षांत इंग्रजी भयपटांत विदूषक भुताखेतांच्या पंगतीला जाऊन बसला. हसवणारा माणूस घाबरवणारा कसा झाला? त्यासाठी दोनशे वर्षे मागे जायला हवे.

पांढराफटक चेहरा आणि गालांवर लाल रंग ही विदूषकाची ओळख रूढ केली ती लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) या नटाने. त्या काळी नाटकगृहे प्रचंड मोठी होती, आणि विजेचे दिवे यायला अजून बराच अवकाश होता. पांढऱ्यावर लाल रंगवलेला चेहरा अशा अंधुक उजेडातही शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. म्हणजे हा चेहरा मुळात दुरून पाहायचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवू या.

रंगाखालच्या ग्रिमाल्डीचे आयुष्य मात्र दुःखाचे होते. पहिली पत्नी १८०० मध्ये बाळंतपणात वारली. रंगमंचावरच्या उड्यांनी आणि आपटण्यांनी शरीर खिळखिळे झाले, आणि १८२३ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच, त्याला काम सोडावे लागले. त्याच्यासारखाच विदूषक झालेला मुलगा दारूच्या आहारी जाऊन १८३२ मध्ये वारला. ग्रिमाल्डीच्या आठवणींचे पुस्तक १८३८ मध्ये निघाले. त्याचे संपादन केले होते तरुण चार्ल्स डिकन्सने. हसऱ्या रंगामागे वेगळाच माणूस असतो, हे वाचकांच्या मनात ठसू लागले.

पॅरिसमध्ये याच सुमारास देबुरो हा मूकनट पांढऱ्या चेहऱ्याच्या ‘पिएरो’च्या भूमिकेत गाजत होता. १८३६ मध्ये रस्त्यात चिडवणाऱ्या एका मुलाला त्याने काठीने मारले आणि तो मुलगा मरण पावला. न्यायालयाने देबुरोला निर्दोष सोडले, पण या खटल्याची चर्चा खूप झाली. पुढे १८९२ मध्ये इटलीत ‘पाल्याची’ ही संगीतिका रंगमंचावर आली. तिच्यातला विदूषक भर प्रयोगात आपल्या पत्नीचा खून करतो.

सिनेमाला हा वारसा आयताच मिळाला. १९२४ च्या ‘ही हू गेट्स स्लॅप्ड’ या मूकपटाचा नायक चक्क एक वैज्ञानिक आहे. त्याचा आश्रयदाता त्याचे संशोधन चोरतो आणि विद्वानांच्या सभेत त्याच्या थोबाडीत मारतो. सभा हसते. मग हा माणूस सर्कशीत विदूषक होतो आणि रोज थपडा खाऊन लोकांना हसवतो. ही भूमिका लॉन चेनीने केली. १९२८ च्या ‘द मॅन हू लाफ्स’मध्ये लहानपणीच चेहरा कापून कायमचा हसरा केलेला माणूस आहे. त्याच्या त्या हसण्यावरूनच पुढे १९४० मध्ये चित्रकथांतला ‘जोकर’ हा खलनायक सुचला. तरी या मूकपटांतल्या नायकांची आपल्याला दयाच येते. राज कपूरचा ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) याच परंपरेतला.

दयेची जागा निव्वळ भीतीने घेतली ती नंतर. १९७८ मध्ये अमेरिकेत जॉन गेसी या खुन्याला अटक झाली. धर्मादाय कार्यक्रमांत तो विदूषक होऊन मुलांना रिझवत असे. १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये मुलाच्या पलंगासमोर ठेवलेला विदूषकाचा बाहुला त्याच्यावर झडप घालतो. १९८६ मध्ये स्टीफन किंगची ‘इट’ ही कादंबरी आली. पावसात कागदी होडीमागे धावणाऱ्या मुलाला गटारातून हाक मारणारा तिच्यातला विदूषक १९९० मध्ये दूरचित्रवाणीवर आणि २०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर आला.

या चित्रपटांनी नेमके काय केले? दुरून पाहायचा चेहरा कॅमेऱ्याने हातभर अंतरावर आणला. रिंगणातला प्रकाश, वाद्ये आणि शेजारी बसलेले आईवडील काढून टाकले. उरला तो एकटा चेहरा. आणि तो वाचता येत नाही!

समोरच्याच्या मनात काय आहे, हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून सतत ताडत असतो. मनापासून हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, असे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवले होते. विदूषकाच्या डोळ्यांभोवती रंगाचा थर असतो आणि तोंड कायमचे हसरे रंगवलेले असते. तो रागावला तरी हसतच राहणार. वेल्समधील संशोधकांनी ९८७ प्रौढांना प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी विदूषकाची थोडीफार तरी भीती वाटत असल्याचे सांगितले. त्यामागे रंगामुळे भावना न कळणे हे कारण सर्वांत प्रबळ ठरले. चित्रपटांचा प्रभावही दिसला, पण तो त्याखालोखाल.

म्हणून सगळे विदूषक हद्दपार करायचे का? रुग्णालयांतले दोन अनुभव पाहा. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाने अडीचशेहून अधिक मुलांना रुग्णालयाच्या सजावटीबद्दल विचारले, तेव्हा भिंतीवरच्या विदूषकांच्या चित्रांबद्दल मुलांनी नापसंती दाखवली. ही गोष्ट २००८ ची. उलट इटलीत ४० मुलांवर केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी पालकांबरोबर विदूषकही सोबत असलेल्या मुलांची चिंता कमी आढळली. तो निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक कशाचा असेल? भिंतीवरचे चित्र मुलाला उत्तर देत नाही. जिवंत विदूषक मूल दचकले की मागे सरकतो, हळू बोलतो, त्याच्या कलाने घेतो.

शिक्षकांना यातून एक गोष्ट घेता येईल. मुखवट्याला किंवा रंगवलेल्या चेहऱ्याला घाबरणारे मूल भित्रे नसते. चेहरा वाचण्याचे काम ते चोख करत असते, फक्त त्याला माहिती मिळत नाही. स्नेहसंमेलनात विदूषक आणायचा असेल तर त्याला एकदम पुढे उभा करू नका. मुलांसमोर बसूनच त्याला चेहरा रंगवू द्या आणि मुलांसमोरच तो पुसू द्या. रंगाखाली कोण आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. त्यानंतरही एखाद्याला दूर बसावेसे वाटले, तर त्याला बसू द्यावे.