समुद्रावरील श्रम आणि कलावंताची दृष्टि

समुद्राचें चित्र काढण्याची युरोपांतील परंपरा फार जुनी आहे. परंतु समुद्रावर राबणारा मनुष्य त्या चित्रांच्या मध्यभागीं क्वचितच आला. सतराव्या शतकांत हॉलंडच्या व्हान डी व्हेल्डे पितापुत्रांनीं शिडें, डोलकाठ्या व दोरखंड अत्यंत बारकाईनें रेखाटले. ते दोर ओढणारे खलाशी मात्र मुंग्यांएवढेच राहिले. १८३९ सालीं इंग्रज चित्रकार टर्नर यानें आपलें एक विख्यात चित्र प्रदर्शनांत मांडलें. ट्राफल्गारच्या लढाईंत गाजलेलें ‘टेमेरेअर’ हें जहाज मोडींत काढण्यासाठीं एक वाफेची बोट ओढून नेत आहे, असा त्याचा विषय. त्या बोटीच्या धुराड्यांतील लालसर धूर मन वेधून घेतो. परंतु ज्याच्या श्रमानें तो धूर निघाला, तो भट्टींत कोळसा लोटणारा आगवाला चित्रांत कोठेंच नाहीं.

आगबोटींचें युग आलें, तेव्हां हा भार पुष्कळसा हिंदी माणसांवर पडला. ब्रिटिश जहाजांच्या डेकवर रत्नागिरी व कच्छकडील खलाशी, भट्टीपाशीं पंजाबकडील आगवाले आणि भोजनगृहांत गोवेकर, अशी कामाची वांटणीच बहुधा ठरून गेली होती. वरच्या मजल्यावरील उतारूंना आगवाल्याचें तोंडही सहसा दिसत नसे.

पुढें जहाजावरील मालही दृष्टीआड झाला. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यापाऱ्याचें ‘आयडियल एक्स’ हें जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. पूर्वीं गोण्या व पिंपें गोदी-कामगारांच्या हातांखालून जात. आतां यारी संपूर्ण पेटीच उचलूं लागली. बंदरें शहरांपासून दूर सरकलीं. मुंबईसमोर न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं नवें बंदर सुरू झालें. घरांत येणारी वस्तु बहुधा समुद्रावरूनच येई. पण ती आणणारा मनुष्य नागरिकांच्या नजरेंतून नाहींसा झाला.

या नाहींशा झालेल्या माणसाचा शोध अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅलन सेकुला (१९५१–२०१३) यानें घेतला. १९८९ ते १९९५ या काळांत त्यानें ‘फिश स्टोरी’ ही छायाचित्रांची व निबंधांची मालिका सिद्ध केली. रॉटरडॅम, ग्दान्स्क, उल्सान अशा बंदरांतील जहाज बांधणारे, यंत्रघरांत राबणारे आणि काम सुटलेले कामगार तींत आहेत. २०१० सालीं नोएल बर्च यांच्यासह त्यानें ‘द फर्गॉटन स्पेस’ हा चित्रपटही केला.

तरीही येथें पाहणारा एक व पाहिला जाणारा दुसरा, हा भेद उरलाच. तो मिटविण्याचा यत्न मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंत-मंडळानें केला. शारजाच्या खाडींत सोमालियाकडे जाणारा माल भरणाऱ्या खलाशांशीं त्यांची ओळख झाली. २००९ सालीं त्यांनीं त्या बंदरावरून कांहीं काळ रेडिओही चालविला. २०१३ सालीं ‘फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ’ हा चित्रपट तयार झाला. त्यांतील बरींच दृश्यें कच्छ व आसपासच्या किनाऱ्यांवरील खलाशांनीं लांकडी गलबतांवरून स्वतःच्या मोबाइल फोननें टिपलीं आहेत, आणि त्यांच्या आवडीचीं गाणींही त्यांत आहेत. तेथें खलाशी राबतो, पोहतो, थट्टा करतो, गप्प बसून क्षितिजाकडे पाहतो.

खलाशाचें दुःख दाखविणें ही कलेची एक पायरी झाली. परंतु दुःखाशिवायही त्याचें एक जीवन आहे, आणि समुद्र त्याला कसा दिसतो हें सांगण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे, हें मान्य करणें ही पुढची पायरी होय. ती चढावयास कलेला शतकें लागलीं.