अंगरखा बदलणारा शत्रू



महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, हे आपण शाळेत शिकलो. ज्या घोड्यांनी आणि बैलांनी त्या राजधानीचे ओझे वाहिले, त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. आज मी ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या एका रोगाची हकीकत सांगणार आहे. विज्ञानाची पदवी मजजवळ नाही. जे वाचून समजले तेवढेच सांगतो.

रोगाचे नाव सर्रा. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला डेरा इस्माइल खान येथे आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जंतू दिसले. वरिष्ठांना ते पटेना. उंदरांच्या रक्तातले तसलेच जंतू निरुपद्रवी असतात, असे त्या वेळचे जाणकार म्हणत. पुढे १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि तेथे डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रा हाती घेतला. ताप चढे तेव्हा रक्त जंतूंनी भरून जाई. उतरे तेव्हा जंतू जणू नाहीसेच होत.

येथे मला आमचे कामगार आठवतात. ताप उतरल्या दिवशी तपासणीला गेलेला माणूस हमखास ‘ढोंगी’ ठरतो!

हे जंतू जात कोठे? खुलासा व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ट्रिपॅनोसोम नावाच्या या जंतूच्या अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीने उभे असतात. हा त्याचा अंगरखा. शरीर तो अंगरखा ओळखते, प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक जंतू मारते. परंतु थोड्यांनी तेवढ्यात अंगरखा बदललेला असतो. पहारेकरी जुन्या वेषाचा माणूस शोधत राहतो, आणि नव्या वेषातले वाढू लागतात. म्हणूनच ताप पुन्हा चढतो. असे शेकडो अंगरखे जंतूच्या पेटीत असतात. जनावर मात्र प्रत्येक वेळी नव्याने लढून झिजत जाते.

गोमाशी चावून हा रोग गुरांत पसरतो. माणसाला तो होत नाही अशी समजूत होती. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हे जंतू सापडले. पाच महिने त्याला ताप येत-जात होता. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. आपल्या रक्तात ‘ॲपोएल-१’ नावाचे प्रथिन असते व ते या जंतूला मारते; या शेतकऱ्याच्या रक्तात ते नव्हतेच, हे २००६ साली सिद्ध झाले. जन्मतः एक पहारेकरी कमी, त्यात शत्रू वेष पालटणारा.

नंतर त्याच्या गावातील १,८०६ लोकांचे रक्त तपासले. शेकडा बावीसहून अधिक लोकांत या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची खूण मिळाली. ज्यांच्यात ती ठळक होती त्यांचे रक्त पुन्हा पाहिले, तर जंतू एकातही दिसला नाही. ही चाचणी ‘रोटॅट १.२’ या एकाच अंगरख्यावर बेतलेली आहे, कारण बहुतेक वाण तो आरंभीच अंगावर चढवतात. केनियातील उंटांत मात्र हा अंगरखा मुळीच जवळ नसलेले वाण सापडले आहेत. तेथे चाचणी ‘रोग नाही’ म्हणते, आणि उंट झिजत असतो.